डावीकडून पहिली

मराठी आत्मचरित्राच्या बरोबर मध्यावर सोळा गुळगुळीत पानं असतात. बाकीचं पुस्तक कसल्याही कागदावर छापलेलं असो, ही सोळा पानं आर्टपेपरवर. त्यांत लेखकाचे वडील पगडीत असतात, आई नऊवारीत असते आणि लेखक स्वतः क्रमाने मुंजीत, कॉलेजात, बोहल्यावर आणि शेवटी कुठल्यातरी मंत्र्याच्या हातून शाल घेताना असतो. या पानांतलं माझं सर्वांत आवडतं छायाचित्र म्हणजे शाळेतलं. तीस-पस्तीस पोरं तीन रांगांत, मास्तर खुर्चीत, आणि खाली ओळ : ‘मधल्या रांगेत डावीकडून तिसरा, लेखक.’ मजकुरात लेखक कितीही नम्र असो, ‘मी कोण, एक साधा माणूस’ असं पानोपानी म्हणत असो. फोटोखालच्या ओळीत तो स्वतःकडे बोट दाखवल्याशिवाय राहत नाही. वाचकाने नजरचुकीने डावीकडून चौथ्याला थोर समजू नये, एवढीच बिचाऱ्याची इच्छा.

आता हे पाहा. मार्जान सत्रापी नावाच्या इराणी बाईंनी फ्रेंच भाषेत आपलं आत्मचरित्र लिहिलं; म्हणजे काढलं; म्हणजे लिहिलंही आणि काढलंही. ‘पर्सेपोलिस’ त्याचं नाव. त्याच्या पहिल्याच पानावर, दुसऱ्याच चौकटीत, असाच एक शाळेतला फोटो आहे. साल १९८०. हिजाब बांधलेल्या चार मुली ओळीने बसल्या आहेत. बाई चौघींची नावं सांगतात. आणि स्वतःबद्दल काय सांगतात? तर आपण अगदी डावीकडे बसलो होतो, त्यामुळे दिसत नाही. चौकटीची डावी रेघ नेमकी त्यांच्या अंगावरून गेलेली आहे. जेमतेम एक कड आत, बाकीच्या मार्जानबाई पुस्तकाच्या बाहेर!

पहिल्या चौकटीत त्या आहेत, नाही असं नाही. दहा वर्षांची मुलगी, एकटी, समोर तोंड करून, बरंचसं तोंड पाडून बसलेली. पण चारचौघींत बसायची वेळ आली आणि गेली. आमच्याकडे एखाद्या आत्मचरित्राच्या पहिल्या पानावर लेखक असा अर्धवट कापला गेला असता तर प्रकाशकाने शुद्धिपत्रक जोडलं असतं आणि छापखानेवाल्याचं बिल अडवलं असतं. इथे मात्र ती कात्री बाईंनी स्वतःच्या हाताने चालवली आहे. हसावं की वाईट वाटून घ्यावं हे ठरत नाही. ते ठरत नाही म्हणून माणूस पान उलटतो.

हे पुस्तक आमच्या घरात आलं ते भाचीमुळे. ही मुलगी इंग्रजी साहित्य घेऊन एम. ए. करते आहे, आणि मेसमध्ये दुधी असला की आमच्याकडे जेवायला येते. आमच्या काळी साहित्याचा हिशेब सोपा होता. पुस्तक जितकं जाड आणि चित्रं जितकी कमी, तितकं ते थोर. चित्रांचं पुस्तक मास्तरांनी बाकाखालून ओढून काढायचं आणि टेबलाच्या खणात टाकायचं, अशी पद्धत होती. मधल्या सुट्टीत मग ते मास्तर वाचत. आता तेच पुस्तक खणातून टेबलावर आलं आहे आणि त्यावर वीस मार्कांचा प्रश्न पडतो : ‘चित्रमय आत्मकथनातील दृश्यतंत्रांची चर्चा करा.’

प्रश्न आला की पाठोपाठ नोट्स येतात. भाचीच्या हातात झेरॉक्स केलेल्या नोट्सची चळत होती. कुणी काढल्या, कुणी वाटल्या, हे विचारायचं नसतं. नोट्सना आईबाप नसतात. त्यांत अकरा दृश्यतंत्रं वाण्याच्या यादीसारखी एकाखाली एक लिहिलेली होती. चौकट. चौकटींमधली मोकळी जागा. जवळचं दृश्य. दूरचं दृश्य. प्रतीक. पुनरावृत्ती. विरोध. पुढे साखर दोन किलो असेल अशी माझी खात्री होती. प्रत्येक तंत्रापुढे त्याचा अर्थ दिलेला : ‘काळा रंग – दडपशाही, अज्ञान, मृत्यू. पांढरा रंग – स्वातंत्र्य, निरागसता, आशा. हिजाब – दडपशाहीचे प्रतीक (हमखास विचारतात).’

“मामा, तू एकदा पुस्तक वाच ना,” भाची म्हणाली. “मला वाटतंय, या नोट्समध्ये काहीतरी गडबड आहे.”

“काय गडबड आहे?”

“त्यात सगळं बरोबर आहे.”

एवढ्या एका वाक्यावर मी तिला दोन पोळ्या जास्त वाढायला सांगितल्या आणि पुस्तक घेऊन बसलो.

इराण म्हटलं की माझ्यासारख्या मुंबईकराला ब्रूनमस्का, पाणीकम चहा आणि संगमरवरी टेबल आठवतं. आमच्या इराण्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात जी गंभीर शांतता राखली, त्यावरून या देशात कधी क्रांतीबिंती होत असेल असं वाटणं कठीण. पण तिथे १९७९ साली क्रांती झाली. शहा गेले, खोमेनी आले. १९८० मध्ये इराकशी युद्ध जुंपलं ते १९८८ पर्यंत चाललं. सत्रापीबाईंचा जन्म १९६९ चा, रश्त गावचा, वाढल्या तेहरानमध्ये. म्हणजे क्रांती झाली तेव्हा दहाच्या आगेमागे आणि युद्ध ऐन भरात होतं तेव्हा चौदा वर्षांच्या. १९८४ मध्ये आईबापांनी मुलीला एकटीला व्हिएन्नाला पाठवलं. मग ती परत आली, आणि १९९४ मध्ये कायमची फ्रान्सला गेली. तिथे ‘लासोसिआसियाँ’ नावाच्या प्रकाशनाने २००० ते २००३ या काळात हे पुस्तक चार भागांत काढलं. हे प्रकाशन व्यंगचित्रकारांनीच १९९० मध्ये एकत्र येऊन सुरू केलेलं. फ्रान्समध्ये चित्रकथा म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीची, अठ्ठेचाळीस पानांची, रंगीबेरंगी असा रिवाज होता. या मंडळींनी तो मोडून काळ्या-पांढऱ्यात पुस्तकं काढायला सुरुवात केली.

आणि ‘पर्सेपोलिस’ नुसतं काळं-पांढरं नाही, ते काळंकुळकुळीत आहे. आमच्या सौ.नी पुस्तक चाळलं आणि पहिला अभिप्राय दिला, “अगंबाई, शाई किती लागली असेल!” समीक्षक म्हणून आमची ही अगदी थेट मुद्द्यावर येते. या पुस्तकात करडा रंग नाही. सावली नाही. गालावर उजेड, मानेखाली अंधार असला प्रकार नाही. जे काळं ते ठार काळं, जे पांढरं ते कोरा कागद.

मला ‘शाई’ या शब्दाची तेवढ्यात आठवण झाली. हा शब्द आमच्याकडे फारसीतून आला. मूळ ‘सियाही’. सियाही म्हणजे काळेपणा. शाई मागणारा माणूस मुळात काळेपणाच मागत असतो. हे मी भाचीला सांगितलं. तिने ते लगेच वहीत टिपलं आणि विचारलं, “मग हे कितवं तंत्र?”

तर नोट्सचं म्हणणं, काळा म्हणजे वाईट आणि पांढरा म्हणजे चांगला. चला, पडताळा पाहू. पुस्तक घेऊन बसायचं आणि काळा रंग कुठेकुठे वापरलाय ते मोजायचं. हिजाब काळा, कबूल. दाढ्या काळ्या, तेही कबूल. पण त्या दाढ्यांचा निषेध करणाऱ्या आईचे केसही काळेच. बापाच्या मिशा काळ्या. चोरून केलेल्या पार्ट्यांमधली रात्र काळी, आणि त्या रात्री लोक मनापासून नाचतात. उलट बाजूने, मुलीच्या स्वप्नात येणारा देव पांढराशुभ्र, ढगासारखा. नोट्सप्रमाणे म्हणजे आशा. पण या देवाचं आणि कार्ल मार्क्सचं तोंड इतकं सारखं आहे की लेखिकेलाच गंमत वाटते; मार्क्सचे केस तेवढे जास्त कुरळे. आता हा पांढरा रंग कुणाच्या खात्यावर लिहायचा?

हिजाबाचं तर आणखीच. १९८० मध्ये शाळेत तो सक्तीचा झाला. पोरींना वाटला गेला. पुढे काय झालं? लेखिका शाळेचं मैदान दाखवते. एकीने त्याचा घोड्याचा लगाम केला आहे. कुणी दोरीच्या उड्या मारतायत. एकीने तो अंगावर ओढून घेतलाय आणि ती अंधाराची राक्षसीण झाली आहे. दडपशाहीचं प्रतीक मैदानभर उड्या मारतंय! हे नोट्समध्ये बसत नाही, कारण नोट्स मोठ्या माणसांनी काढलेल्या असतात. मोठ्या माणसाला हिजाब दिसला की कायदा दिसतो. पोरीला आधी फडकं दिसतं. फडक्याचं काय काय करता येतं याची तिच्याकडे मोठी यादी तयार असते. हा कायदा आहे हे तिला कळतं, पण खेळून झाल्यावर. तो क्रमच भयंकर आहे. पहिल्याच चौकटीत सत्रापीबाईंनी रडणारी मुलगी काढली असती तर आपण हळहळलो असतो, आणि दुसऱ्या पानापर्यंत विसरलोही असतो.

इथे या पुस्तकाची किल्ली आहे असं मला वाटतं. या पुस्तकात दोन बायका आहेत. चौकटीत वरच्या पट्टीवर मोठी बाई बोलते. तिला पुढचं सगळं माहीत आहे, तारखा माहीत आहेत, कोण मेलं ते माहीत आहे. खाली चित्रात लहान मुलगी पाहते. तिला त्या दिवशी जेवढं कळलं तेवढंच चित्रात येतं; त्याच्यावर एक रेघ नाही. शब्द तिशीतले, चित्र दहा वर्षांचं. अकरा तंत्रं मोजायची ती मोजा, पण सगळ्यांची आई ही.

ती तोंडं साधी का काढली आहेत, तेही यावरून कळतं. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९९३ मध्ये चित्रकथा कशी चालते हे समजावणारं एक पुस्तक काढलं, तेही चित्रकथेतच. चेहरा जितका हुबेहूब काढाल तितका तो दुसऱ्याचा होतो, आणि दोन ठिपके नि एक रेघ ठेवलीत की त्यात वाचक स्वतः शिरतो, असं त्याचं सांगणं. खरं आहे. पण सत्रापीबाई आणखी एक गोष्ट करतात. त्या हिजाबातल्या चार मुली पुन्हा बघा. कपडे एक, बसण्याची तऱ्हा एक. सरकारला पाहिजे होत्या तशा एकसारख्या. मग नीट बघितलं की एकीची बट निराळी, एकीचे डोळे निराळे, एकीची जिवणी निराळी. जेवढी जागा कायद्याने उघडी ठेवली तेवढ्यात चार मुली चार प्रकारच्या आहेत. हे करायला फार थोड्या रेघा लागतात. पण त्या थोड्या रेघा नेमक्या त्याच लागतात.

आता गंमत बाजूला ठेवावी लागेल अशा पानावर येतो.

क्रांती झाल्यावर राजकीय कैदी सुटले. त्यांतले दोघे मार्जीच्या घरी येतात. मोठी माणसं बैठकीच्या खोलीत बसून तुरुंगात काय झालं ते सांगतात. मुलगी तिथेच आहे. मोठ्यांच्या गप्पांत मूल खोलीत असतं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. तेहरानमध्येही आणि आमच्याकडेही. छळासाठी इस्त्री वापरत, असं एक जण सांगतो. मुलगी जाऊन घरातली इस्त्री बघते. हे यंत्र अशा कामाला येत असेल हे तिच्या मनातही आलेलं नव्हतं.

इस्त्री! नोट्समध्ये इस्त्री नाही. प्रतीकांच्या यादीत ती कुठे बसणार? ती कशाचंच प्रतीक नाही. ती इस्त्रीच आहे, कपड्यांची. आमच्याकडे आहे तशीच. हे पान वाचल्यावर भाची दुसऱ्या दिवशी कॉलेजला चुरगळलेल्या कुर्त्यात गेली. मी काही बोललो नाही.

त्याच गप्पांत आणखी एका सहकाऱ्याची हकीगत निघते. त्याला ठार मारून त्याचे तुकडे केले गेले. हे चित्रात कसं काढायचं? आमच्या सिनेमावाल्याला विचारलं असतं तर त्याने लाल रंगाची बादली मागवली असती. सत्रापीबाई काय करतात? जमिनीवर एक माणूस आहे. डोकं वेगळं, हात वेगळे, पाय वेगळे, सगळं सरळ रेषेत, नीट कापलेलं. रक्ताचा थेंब नाही. कापलेल्या जागी आतून पोकळ. तो माणूस नाहीच, तुटलेली बाहुली आहे.

कारण उघड आहे. त्या मुलीने कापलेला माणूस कधी पाहिलेला नाही. तुटलेली बाहुली पाहिली आहे. तुकडे केले, हे वाक्य कानावर पडलं तेव्हा तिच्या मनाच्या कपाटात जे सामान होतं, त्यातूनच तिने चित्र जुळवलं. मोठ्या झालेल्या बाईंना खरं चित्र काढता आलं असतं; हात तयार होता, माहितीही होती. त्यांनी ते काढलं नाही. त्या दिवशी आपल्याला कळलं त्याहून जास्त कळलं होतं असा आव त्यांनी आणला नाही.

हे चित्र पुढे अमेरिकेत गाजलं, पण वेगळ्या कारणाने. २०१३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या सार्वजनिक शाळांच्या प्रशासनाने ‘पर्सेपोलिस’ सातवीच्या वर्गांतून काढायला सांगितलं. भाषा आणि चित्रं या वयाला योग्य नाहीत म्हणे. छळाच्या चित्रांचा खास उल्लेख होता. मुलांनी निदर्शनं केली. अभ्यासाचं पुस्तक ठेवा म्हणून मुलांनी रस्त्यावर यावं, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांना ऐकवली तर चक्कर येईल. सातवीचं वय बारा-तेरा. पुस्तकातली मुलगी दहा ते चौदा. म्हणजे त्या वयाच्या मुलीने जे ऐकलं, सोसलं आणि बाहुली करून मनात ठेवलं, ते त्याच वयाच्या मुलांनी पाहू नये, असं मोठ्या माणसांचं मत पडलं.

मी त्या अधिकाऱ्यांना अगदीच वेड्यात काढणार नाही. चित्र त्यांना लागलं होतं, एवढं मान्य करायला हवं. रक्त काढलं असतं तर कदाचित लागलंही नसतं. रक्ताची सवय सगळ्यांना आहे, टीव्हीने ती घरपोच दिली आहे. बाहुली मात्र प्रत्येकाच्या घरात होती.

असंच दुसरं पान चावीचं. युद्धात गरिबांच्या पोरांना शाळेतून प्लॅस्टिकच्या, सोनेरी रंग दिलेल्या चाव्या वाटल्या जात. मेलात तर या चावीने स्वर्गाचं दार उघडेल, असं सांगून. मार्जीच्या घरी काम करणाऱ्या बाईंच्या मुलालाही अशी एक चावी मिळते. त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानावर दोनच गोष्टी आहेत. वर सुरुंगांवर पाठवलेली मुलं : काळ्या आकृत्या, स्फोटाने हवेत फेकलेल्या, गळ्यात चाव्या. तोंडं नाहीत. खाली मार्जीच्या आयुष्यातली पहिली पार्टी : मुलं नाचतायत, हातपाय हवेत. तिच्या आईने तिला पंक फॅशनचा भोकंभोकं असलेला स्वेटर विणून दिला आहे आणि गळ्यात साखळी आहे.

वरच्या मुलांचे हातपाय आणि खालच्या मुलांचे हातपाय एकाच तऱ्हेने उडालेले आहेत. वर गळ्यात चावी, खाली गळ्यात साखळी. वर अंगाला भोकं पडतायत, खाली हौसेने पाडून घेतली आहेत. लेखिका यावर भाष्य करत नाही. ‘पाहा ही विषमता’ असं म्हणत नाही. दोन चौकटींच्या मध्ये बोटभर पांढरी पट्टी आहे, ती आपण आपल्या डोळ्यांनी ओलांडायची. मॅक्लाउड म्हणतो त्याप्रमाणे चित्रकथेतली अर्धी गोष्ट या पट्टीतच घडते. नोट्समध्ये या पट्टीपुढे लिहिलं होतं : ‘काळाचा प्रवाह सूचित होतो.’ इथे काळ अजिबात प्रवाहित झालेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. मुलगी नाचत होती तेव्हाच ते मरत होते. मोठी झाल्यावर बाईंना त्या स्वेटराचं काय वाटलं असेल, ते त्या पांढऱ्या पट्टीत आहे आणि तिथेच राहू दिलेलं आहे.

आता ते काळं पान. पान नव्हे, एक चौकट.

तेहरानवर क्षेपणास्त्रं पडत होती. मार्जी बाजारातून धावत घरी येते. तिचं घर शाबूत आहे, शेजारचं नाही. शेजारी ज्यू कुटुंब राहत होतं, त्यांची मुलगी तिची मैत्रीण. आई मार्जीला तिथून ओढून नेत असते. ढिगाऱ्यात मार्जीला खड्यांचं एक कडं दिसतं, तिच्या मैत्रिणीचं. आपण म्हणतो फिरोजा, तो खडा. कडं कशाला तरी अडकलेलं आहे. कशाला, ते बाई सांगत नाहीत. पुढच्या चौकटीत मुलीचा हात तोंडावर. त्यापुढे दोन्ही हात चेहऱ्यावर. त्यापुढची चौकट पूर्ण काळी. त्यात काहीही काढलेलं नाही.

नोट्स : ‘काळी चौकट – मृत्यूचे प्रतीक. शोकाची परिसीमा.’

भाचीने हे मोठ्याने वाचलं तेव्हा सौ. मेथी निवडत बसली होती. तिने पुस्तक मागितलं, हात पदराला पुसले, आणि ते तीन-चार चौकटींचं पान बराच वेळ बघितलं.

“मृत्यू कसला?” ती म्हणाली. “पोरीने हात डोळ्यांवर घेतलेत ना? मग तिला असंच दिसणार.”

त्यानंतर घरात कुणी काही बोललं नाही. मेथीच्या काड्यांचा आवाज तेवढा येत होता.

मला वाटतं, या पुस्तकावरची यापेक्षा नेमकी ओळ मी वाचलेली नाही. ती चौकट मुलीच्या तळव्यांच्या आतली आहे. तोवर आपण मार्जीला बाहेरून बघत होतो; हात तोंडावर, हात चेहऱ्यावर. त्या एका चौकटीपुरतं बाईंनी आपल्याला त्या हातांच्या आत घेतलं. आत कुणालाच काही दिसत नाही. कडं कशाला अडकलं होतं हे आपल्याला दाखवायचं नाही, आणि दाखवलं नाही म्हणून खोटंही बोलायचं नाही, या दोन्ही अटी पाळून चित्र काढायचं तर एवढीच जागा उरते.

मागे जाऊन बघितलं तर अशा जागा आणखी सापडतात. लाडक्या काकाला फाशी झाल्याचं कळतं तेव्हा मुलगी देवाला हाकलून देते, आणि मग काळ्या अंतराळात एकटी तरंगत असते. वर नाही, खाली नाही. तोही काळाच. पण हिजाबाचा काळा वेगळा, अंतराळाचा वेगळा, तळव्यांच्या आतला वेगळा. बाटली एकच, शाई एकच. ‘काळा म्हणजे अमुक’ अशी यादी करणारा माणूस या तिन्हींना एका पोत्यात भरतो.

कुणी म्हणेल, अहो, रंगाला पैसे लागतात, म्हणून काळं-पांढरं. त्यांच्यासाठी एक पुरावा आहे. २००७ मध्ये सत्रापीबाईंनी व्हँसाँ पारोनो यांच्याबरोबर याच पुस्तकाचा चलच्चित्रपट केला. त्याला कान महोत्सवात ज्यूरींचं पारितोषिक मिळालं. सिनेमात रंग आहेत, पण विमानतळावर बसलेल्या मोठ्या बाईंच्या वर्तमानापुरते. आठवण सुरू झाली की पडदा पुन्हा काळा-पांढरा. म्हणजे रंग परवडत होते. आठवणीला ते नको होते.

भाचीची चाचणी झाली. पाऊण तासाची. अकरा तंत्रांना पंचेचाळीस मिनिटं म्हणजे तंत्रामागे चार मिनिटं, असा हिशेब बाकीच्या वर्गाने केला आणि मुलं उत्तम मार्कांनी उतरली. या बयेने पंचेचाळीसच्या पंचेचाळीस मिनिटं एकाच गोष्टीवर लिहिलं : ही बाई चित्र काढायचं कुठे थांबवते. इस्त्री घेतली, बाहुली घेतली, ती पांढरी पट्टी घेतली, काळी चौकट घेतली. मामीचं वाक्य तर अवतरणचिन्हांत घातलं. खाली संदर्भ म्हणून काय द्यावं हे न कळल्यामुळे ‘घरी’ असं लिहिलं.

पेपर परत आला. वीसपैकी नऊ. शेजारी लाल शाईत शेरा : ‘उत्तर चांगले आहे. बाकीची दहा तंत्रे?’

सौ. चिडली. नऊ मार्कांतले साडेचार आपले आहेत असं तिचं म्हणणं पडलं. मी तो शेरा चष्मा लावून पुन्हा वाचला. शाई म्हणजे काळेपणा, तर लाल शाई म्हणजे नक्की काय, हे फारसीच्या जाणकारांनी एकदा सांगून टाकावं.

“पुढच्या वेळी काय करणार?” मी भाचीला विचारलं.

“पुढच्या वेळी अकराच्या अकरा लिहीन,” ती म्हणाली. “पास तर व्हायचंय, मामा. पण पहिलं हेच लिहीन.”

मग ती इस्त्रीचं बटण लावून कुर्ता घेऊन उभी राहिली. इस्त्री तापेपर्यंत बराच वेळ तिच्याकडे बघत होती.